मिटेना

“बाबा, तुम्ही येणार की नाही, एवढंच सांगा.”

फोन माझ्या शिलाई मशीनच्या पाटावर ठेवला होता आणि त्यातून आमच्या लेकीचा आवाज खोलीभर घुमत होता. हे खिडकीपाशी बसून फवारणीच्या पंपाची तोटी टाचणीनं कोरत होते. टाचणी माझी, न विचारता घेतलेली. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, पण तिला ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

“येतो की,” हे तोटीला म्हणाले. “आधी आई येईल. मी मागनं येऊन जातो.”

“येऊन जातो! माझ्या लग्नातही तुम्ही येऊनच गेलात, बाबा. जेवण अर्धं टाकून उठलात. फोटोत आईशेजारी नुसती खुर्ची आहे.”

“अगं, दुपारची फवारणी होती...”

“मला सातवा लागलाय. या वेळी मला निम्मे बाबा नकोत.”

एरवी मी केव्हाच मध्ये तोंड घातलं असतं. पण त्या वेळी मी एका पडद्याची किनार दुमडत होते आणि माझ्या ओठांत टाचण्या होत्या. मी गप्प असते ती फक्त तोंडात टाचण्या असताना, असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. म्हणूनच हे अडचणीचं बोलणं नेमकं तेव्हा उरकून घेतात. लेकीनं फोन ठेवला. “झाडाला कोण बघणार?” असं हे कुणाला तरी म्हणाले. मी एकेक टाचणी काढून उशीला टोचली, शेवटची काढून वर पाहिलं, तर हे चपला घालून निघूनही गेले होते.

ह्यांना सगळे ‘फवारे’ म्हणतात. ते आमचं आडनाव नव्हे. हे एका वनस्पती संशोधन संस्थेच्या काचघरात झाडांवर फवारे मारायचे, म्हणून पडलेलं नाव. पुढे एक नवा कारकून आला. त्यानं ते आडनावच समजून पगाराच्या कागदावर लिहून टाकलं. मी म्हटलं, दुरुस्त करून घ्या. तर म्हणाले, “राहू दे, लिहिलंय ते काही खोटं नाही.” असा माणूस. नाकावर माशी बसली तरी तिला सावकाश उठू देणारा.

आता हे फवारे कशासाठी, ते सांगते. मलाही ते फार उशिरा कळलं, आणि सांगितलं ते बाईंनी. बाई म्हणजे ह्यांच्या वरिष्ठ. एका टोमॅटोच्या जातीवर त्यांनी उभं आयुष्य घालवलं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, “इतकं कौतुक कसलं हो त्या मरतुकड्या झाडाचं?” तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून सगळं नीट सांगितलं होतं.

पानाला खालच्या अंगाला असंख्य बारीक तोंडं असतात, डोळ्यांना न दिसणारी. ऊन वाढलं, पाणी कमी पडायला लागलं की झाड आपल्याच अंगात एक संप्रेरक तयार करतं. त्याचा निरोप पानापर्यंत पोचला की ही तोंडं मिटतात आणि आतली ओल आत राहते. हे संप्रेरक एकदम होत नाही. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं पायरीपायरीनं होतं, आणि प्रत्येक पायरीचं काम एकेका जनुकाकडे असतं. या जातीचं अगदी शेवटच्या पायरीशी घोडं अडतं. तिथल्या जनुकात चूक आहे. निरोपच तयार होत नाही, तर तोंडं मिटणार कशी? ती सदा उघडी. मुळाशी तळं साठवलं तरी दुपार झाली की झाड मान टाकतं. ते जगवायचं तर भोवती सतत धुकं ठेवायचं.

“आणि ही चूक आहे म्हणूनच तर आम्हाला कळलं, की बिनचूक झाड काय करतं,” बाई म्हणाल्या होत्या.

संस्थेच्या दप्तरी त्या झाडाला आकड्यांचं आणि अक्षरांचं लांबलचक नाव आहे. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं मिटेना. हे नाव सुचलं कसं, म्हणून मी कौतुकानं विचारलं, तर म्हणाले, “तुझ्यावरनं.” मी रागानं अबोला धरला. तो रात्रीच्या जेवणापर्यंतही टिकला नाही, हे सांगायला नकोच.

तर त्या मिटेनानं माझा संसार चालवला. धुकं करणारं यंत्र संस्थेनं दोनदा बसवलं, पण तिथलं पाणी खारट, तोट्या आठवड्याभरात बुजायच्या. ह्यांचा पितळी हातपंप मात्र बुजत नसे. अंगठ्यानं दांडी दाबायची की फुस्स. सकाळी, भर दुपारी, ऊन कलताना आणि आणखी कितीदा तरी. सुटीच्या दिवशीही जायचेच. आम्ही कधी समुद्र पाहायला गेलो नाही, की कुणाकडे चार दिवस राहिलो नाही. गावातल्या गावात कुणाकडे बसलो असलो आणि दुपार झाली, की ह्यांचा उजवा अंगठा मांडीवर हलायला लागायचा. समोरची माणसं बोलत असायची आणि हा अंगठा दाबतोय, सोडतोय. मी ओळखायचे, स्वारी निघाली.

नोकरी संपली तरी हे जातच राहिले. कारण तसंच घडलं होतं. मिटेनाच्या बीचंही सगळं उलटंच. त्याच संप्रेरकाच्या निरोपावर बी निजतं म्हणे, आणि या बीला निरोपच नाही, त्यामुळे झोपही नाही. फळ झाडावर जरा जास्त पिकू दिलं तर आतल्या आत बियांना मोड येतात. असं हे जागरणी बी ज्या थंड कपाटात जपलं होतं ते कपाट बिघडलं आणि ते वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. राहिलं होतं तेवढं बी पेरलं. त्यातून एकच रोप उगवलं. या वर्षी त्याला फळ धरलं नाही, बी मिळालं नाही, तर मिटेना संपली.

हे मला ठाऊक होतं, म्हणून माझा राग अर्धाच असायचा. लेकीला काय सांगणार? पहिलटकरीण पोर, तिला बाबा हवे होते. तिला टोमॅटोचं काय?

त्या फोननंतर दोन-चार दिवसांनी हे डबा विसरून गेले. मी तो घेऊन संस्थेत गेले. हे मिटेनासाठी राखलेल्या धुक्याच्या खोलीत होते, बाई बाहेर भेटल्या.

“बरं झालं तुम्ही आलात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तरी सांगा ना फवाऱ्यांना. कलमाचं मनावर घ्या म्हणून.”

“कसलं कलम?”

त्या गोंधळल्या. “बोलले नाहीत? मी केव्हापासून म्हणतेय. साध्या टोमॅटोच्या खुंटावर मिटेनाची फांदी बांधायची. खालची मुळं निरोप तयार करून वर पाठवतात आणि पानांची तोंडं मिटायला लागतात. झाड उघड्यावर उभं राहतं, फळं धरतं. बी मात्र मिटेनाचंच निघतं, कारण फूल तिचं असतं.”

“मग फवारणी?”

“लागत नाही. फारशी नाही.”

डबा माझ्या हातातच राहिला. आत जाऊन त्यांच्या पुढ्यात आपटावा असं वाटलं. पण बाईंसमोर तमाशा नको म्हणून मी तो खिडकीत ठेवला आणि घरी आले. संध्याकाळपर्यंत मी एकही टाका सरळ घातला नाही.

हे आले, हातपाय धुतले आणि बसले. आज तोंडात टाचण्या नाहीत, हे त्यांनी लगेच पाहिलं.

“कलम का करत नाही?” मी विचारलं.

“कोण म्हणालं?”

“बाई म्हणाल्या. कलम केलं तर झाड आपलं आपण उभं राहतं. खरं का खोटं?”

“खरं.”

“आणि तुम्ही लेकीला सांगता, झाडाला कोण बघणार!”

ह्यांनी उजवा हात पुढे केला. “थरथरतो. काडी सुतासारखी बारीक असते. एक काप चुकला की गेली.”

हात थरथरत होता खरा. पण ह्याच हातानं रोज सुईत दोरा ओवून देतात मला. मी हातातली सुई आणि दोरा पुढे केला. हे सुईकडे पाहत राहिले. मग हात मागे घेतला.

“ते उभं राहिलं,” हे म्हणाले, “तर मग मला कोण बोलावणार?”

माझ्याकडे कितीतरी वर्षांचं बोलणं साठलेलं होतं. ते सगळं ऐकवायची हीच वेळ होती. आणि मला एकदम रडूच आलं. राग कुठच्या कुठे गेला. मला वाटायचं, हा माणूस त्या झाडात अडकून पडलाय. झाड सुटलं तर आपण उरणार नाही अशी भीती त्यांच्या पोटात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मी बोलावते ना,” मी म्हटलं. “रोज तर बोलावते. लेक बोलावतेय. आणखी कुणी बोलवायला हवंय?”

ह्यांचा अंगठा मांडीवर हलत होता.

“काप मी देते,” मी म्हटलं. “माझा हात अजून स्थिर आहे.”

“झाड म्हणजे कापड नव्हे.”

“कापडसुद्धा एकदा चुकीचं कापलं की गेलंच. तुम्ही उद्या बाईंना सांगा.”

बाईंनी मला आधी साध्या रोपांवर शिकवलं. त्यांचा चष्मा दुहेरी नंबरांचा, बारीक काम त्यांना जमत नव्हतं, पण शिकवायच्या छान. खुंट कापायचा तो तिरका, फांदी कापायची तीही तितकीच तिरकी, दोन्ही काप एकमेकांवर बसवायचे आणि वरून इवलासा रबरी चिमटा लावायचा. शिरेला शिर मिळाली पाहिजे.

“म्हणजे उरेब,” मी म्हटलं.

“काय?”

“उरेब कापणं म्हणतो आम्ही. तिरकं. उरेब कापड ताणलं जातं बाई, गळ्याला पट्टी लावायची ना, तर उरेबच लागते. सरळ पट्टी लावली की गळा असा उभाच राहतो, मग गिऱ्हाईक म्हणतं...” गिऱ्हाईक काय म्हणतं ते सांगेपर्यंत हातातला काप वाळून गेला. पुढचंही रोप असंच गेलं.

हे मागे उभे होते. “बाई,” हे अगदी आदबीनं म्हणाले, “हिच्या तोंडात काहीतरी द्या.”

बाई हसून हसून लाल झाल्या. मग त्यांनी ते रबरी चिमटेच माझ्या ओठांत दिले. आणि काय सांगू, हात आपोआप चालायला लागला. त्यानंतरची साधी रोपं सगळी जगली.

मग मिटेनाची पाळी आली. ह्यांनी त्या एकुलत्या झाडाच्या बाजूच्या तीन फांद्या निवडून दिल्या. कुठली घ्यायची, कुठून घ्यायची, ते बोटानं दाखवत होते आणि बोट थरथरत होतं, खरोखर थरथरत होतं. मी ओठांत चिमटे धरून तिन्ही बांधल्या. तिन्ही कुंड्या एका पारदर्शक झाकणाखाली सावलीत ठेवल्या. आत दमट हवा राहील इतकंच पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला मारायचं, सांध्यावर एक थेंब पडता कामा नये, असं बाईंनी दोघांना बजावलं.

चौथ्या दिवशी पहिली फांदी काळी पडली. सांधा मऊ झाला होता, बोट लावताच निखळला. दुसऱ्या दिवशी दुसरीही गेली. बाईंनी वाकून पाहिलं. सांध्यावर पाणी पडत होतं, म्हणून तो कुजला होता.

“पाणी कुणी मारलं?” त्यांनी विचारलं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

“मान टाकली होती त्यांनी,” हे म्हणाले. “दुपारी. मला बघवलं नाही.”

त्यांच्या जन्मभराच्या कामानंच तो घात केला होता. मान टाकलेलं झाड दिसलं की त्यांचा अंगठा दाबला जायचा, मग डोक्याला काय माहीत आहे याची तो पर्वा करत नसे. बाई एका शब्दानं रागावल्या नाहीत. त्याच आठवड्यात, सगळ्यांचं लक्ष कलमांकडे असताना, फांद्या काढल्यानं आधीच दुबळं झालेलं मूळ झाडही उन्हानं गेलं. धुक्याची खोली रिकामी झाली. सगळी मिटेना आता त्या झाकणाखालच्या एका काडीत होती.

हे झाकणासमोर उभे होते. आतल्या काडीनं मान टाकलेली होती आणि पंप ह्यांच्या हातात होता. मी पुढे झाले.

“द्या इकडे.”

“असू दे. नाही मारत.”

“तुम्ही नाही मारणार. अंगठा मारेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे पाहिलं, आणि पंप माझ्या हातात दिला. मी तो घरी नेऊन मशीनच्या खणात ठेवला, रिकाम्या रिळांच्या जोडीला. पुढे जितके दिवस लागले तितके दिवस हे सकाळी काचघरात जायचे, झाकणापाशी स्टुलावर बसायचे आणि हात दोन्ही मांड्यांखाली दाबून धरायचे. मी डबा घेऊन जायचे तर हे शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे बसलेले. हसूही यायचं आणि कीवही.

सांधा धरला. बाईंनी झाकण आधी जरासं उचललं, मग अर्धं, मग एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी पूर्ण काढलं. कुंडी इतर टोमॅटोंच्या रांगेत, उघड्यावर ठेवली. आम्ही तिघं तिथं दुपार व्हायची वाट पाहत बसलो. मी शिवायला एक बाही नेली होती, ती तशीच हातात राहिली. ऊन चढलं. शेजारच्या झाडांच्या पानांवर चकाकी आली. ही वेळ झाली की मिटेना मान टाकायची. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता.

पानं हलली नाहीत. एक खालचं पान जरा कलल्यासारखं झालं आणि तसंच राहिलं. बाकीची ताठ होती.

“मिटली,” बाई हळूच म्हणाल्या. “तोंडं मिटली, फवारे.”

हे उठले. झाडाजवळ गेले. दोन बोटांनी एक पान खालून उचलून पाहिलं, जणू ती मिटलेली तोंडं त्यांना दिसणारच होती. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, मी खोटं सांगणार नाही, माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळी होता तसाच. आणि तरी ते रिकाम्या हातांनी उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मग त्यांनी ते पाठीमागे बांधले.

“चला,” मला म्हणाले. “तिकिटं काढायला हवीत.”

लेकीला आधी खरंच वाटलं नाही. स्टेशनवर उतरलो तर ती जड अंगानं फलाटावर आली होती, आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत होती. हे उतरले, दोन्ही हातांत सामान घेऊन. “परत कधी जाणार?” हा तिचा पहिला प्रश्न. “जा म्हणशील तेव्हा,” हे म्हणाले. पोर तिथंच रडायला लागली.

नात झाली. अगदी वेळेवर, धडधाकट, आणि आवाजात माझ्यावर गेलेली. हे तिच्याच दिमतीला असायचे. आंघोळ, दुपटी, पाळण्याची दोरी, सगळं ह्यांच्याकडे. जावई मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाबांना इतकं सगळं येतं?” मी म्हटलं, येत काही नाही, पण वेळा चुकत नाहीत त्यांच्या.

दोन महिन्यांनी एका दुपारी बाईंचा फोन आला. कलमावरची फळं वेळेत उतरवली होती. बी भरपूर निघालं. निम्मं नव्या कपाटात ठेवलं, थोडं पेरून पाहिलं, आणि पारख करायला काल दुपारी उघड्यावर ठेवलेली सगळीच्या सगळी रोपं माना टाकून आडवी झाली.

“सगळी?” हे फोनवर म्हणाले. “अस्सल मिटेना!” आणि मोठ्यानं हसले. खुंटानं एका झाडाला उभं केलं होतं, पण बियांत चूक होती तशीच उतरली होती, आणि ती उतरली म्हणूनच जात वाचली होती. बाईंनी सांगितलं, पाणी गोडं करणारं नवं यंत्र बसलंय, आता तोट्या बुजत नाहीत. धुकं चांगलं पडतं. काळजी करू नका.

“बरं झालं,” हे म्हणाले. “तरी दुपारी एकदा पानांच्या खालनं बघत जा म्हणावं.” मग जरा थांबून, “नाही, इतक्यात नाही येत. इथं काम आहे.”

फोन ठेवून हे आरामखुर्चीत बसले. नात त्यांच्या डाव्या हातावर झोपली होती, तोंड उघडं टाकून. थोड्या वेळानं ह्यांचाही डोळा लागला. बाहेर ऊन तापलं होतं, दुपार भरात होती. मी पलंगावर बसून दुपट्याला काठ घालत होते. लेक पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

“आई,” ती कुजबुजली. “बाबांचा अंगठा बघ.”

झोपेतच त्यांचा उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर चालला होता. दाबत होता, सोडत होता. संथपणे, जराही न चुकता.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. या माणसाला मी आयुष्यभर टोमणे मारत आले, आताही एखादा मारेन म्हणून ती थांबली होती. ओठांशी आलंही होतं. टाचण्या सगळ्या उशीला टोचलेल्या होत्या, तोंडात एकही नव्हती.

मी ओठ मिटून घेतले आणि खिडकीचा पडदा ओढला, त्यांच्या हातावर ऊन येत होतं म्हणून.